पुढचं मिनिट

राजश्री म्हेत्रे एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, आणि एवढ्या वर्षांत 'आज छान शिकवलंस' असं तिला कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. वरून विचारणा व्हायची ती वजनकाट्याची, खिचडीची, हजेरीची आणि मोबाईलमधल्या रिकाम्या राहिलेल्या रकान्यांची. ती पोरांशी काय बोलते, कशी बोलते, याच्याशी कुणालाच घेणंदेणं नव्हतं. म्हणून 'हितगुज' सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या कानात एका बाईचा मऊ आवाज म्हणाला, "राजश्रीताई, मघाशी तुम्ही थांबलात, त्या मुलाला विचार करू दिलात, फार चांगलं केलंत," तेव्हा तिचे डोळे भरून आले. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या गोष्टीची.

नांदवडी हे मागांचं गाव. मोठ्या शहरांत नवे, बिनधोट्याचे माग येऊन कैक वर्षं झाली, तरी नांदवडीच्या पेठेत अजून जुने माग चालत होते. सकाळी सातला खडखडाट सुरू व्हायचा तो संध्याकाळी सातपर्यंत. अंगणवाडी त्याच गल्लीत, एका कारखान्याला पाठ लावून होती. मुलं सत्तावीस, सेविका राजश्री आणि मदतनीस हौसाआक्का. हौसाआक्का साठीला टेकलेली, खिचडी शिजवणारी, पोरांची नाकं पुसणारी, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी बाई.

'हितगुज'ची ओळख तालुक्याच्या सभागृहात झाली. कंपनीकडून निनाद परुळेकर नावाचा तिशीतला मुलगा आला होता. त्याने सेविकांना 'ताई' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं, आणि जे सांगितलं ते सगळ्यांना कळेल असं सांगितलं.

"मूल काहीतरी बोलतं. पाच सेकंदांच्या आत तुम्ही त्याच्या बोलण्याला धरून उत्तर देता. मग मूल पुन्हा बोलतं. याला आपण म्हणू संवादफेरी. लहानपणी मुलाच्या वाट्याला अशा फेऱ्या किती आल्या, त्यावर त्याच्या मेंदूतला भाषेचा भाग कसा घडतो हे बरंचसं ठरतं. नुसतं मुलासमोर बोलून उपयोग नाही. त्याच्याशी बोलायला लागतं."

त्याने एक बिल्ला दाखवला, रुपयाच्या नाण्याएवढा. पदराला लावायचा. आत सहा बारीक मायक्रोफोन. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आवाज तो आठ दिवसांत ओळखायला लागतो, फेऱ्या मोजतो. भिंतीवर एक कॅमेरा, सेविका कुठे उभी आहे, कुणाकडे वळली ते बघायला सगळा वर्ग टिपणारा. आणि कानात शेंगदाण्याएवढं यंत्र, त्यातून सल्ला.

"आजवर तुमचं प्रशिक्षण म्हणजे वर्षातून तीन दिवस फळ्यासमोर जांभया देणं," निनाद म्हणाला, आणि बायका हसल्या. "आता रोज, वर्गातच, तुमच्या स्वतःच्या मुलांवर. संध्याकाळी मोबाईलवर दहा मिनिटांचा धडा, तोही तुमच्याच दिवसावर बेतलेला. चार टप्पे. चौथा टप्पा गाठला की पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा दाखला."

आणि यंत्र खोटं बोलत नव्हतं. पहिल्या महिन्यात राजश्रीला कळलं की ती प्रश्न विचारते आणि उत्तर यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. 'गप्प बसा' हे शब्द ती दिवसाला चाळीस वेळा उच्चारते. तिने ते सोडलं. ती थांबायला शिकली. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा घरच्या मांजरीला पिल्लं कशी झाली ते सलग सांगत बसला. तिला वाटलं, एकोणीस वर्षं आपण अंधारात चाचपडत होतो.

तिसऱ्या महिन्यात 'पुढचं मिनिट' नावाची सोय सुरू झाली. आता यंत्र नुसतं झालेल्या गोष्टींवर बोलत नव्हतं. सेविकेने पुढचं मिनिट कुणाला दिलं तर सहा महिन्यांनी सगळ्यात जास्त शब्द उगवतील, याचा हिशोब ते करत होतं, आणि तसं सांगत होतं. "निळ्या सदऱ्यातल्या मुलाकडे वळा." "दाराजवळच्या गटाला गोष्टीत ओढा." राजश्री वळायची, ओढायची. तिचे गुण चढत गेले.

शिवन्या बुगड चार वर्षांची होती. कोपऱ्यातल्या जाजमावर बसायची, हसरी, नीटनेटकी, सगळं बघून बघून करणारी. इतर मुलं उठली की उठायची, टाळ्या वाजवू लागली की वाजवायची. बोलायची मात्र नाही. तिचे वडील मागावर कामाला, आई पूनम घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि घर कारखान्याच्या माळ्यावर. खालच्या मागांच्या खडखडाटात तिथे कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नाही. अशा घरांत माणसं तोंडाने शब्द आकारतात, हाताने दाखवतात, भुवयांनी विचारतात. राजश्री स्वतः अशाच घरात वाढलेली. त्यामुळे शिवन्याशी तिचं आपसूक जमलं होतं. ती पोरीसमोर उकिडवी बसायची, आवाज न काढता ओठांनी 'लाल' म्हणायची, पोरगी लाल मणी उचलायची. 'दोन' म्हणायची, पोरगी दोन उचलायची. दोघी हसायच्या. यात वीस मिनिटं कशी जायची ते कळायचं नाही.

"शांत काळ वाढतोय," यंत्र म्हणालं.

राजश्री मणी ओवत राहिली.

"शांत काळ अकरा मिनिटं. या बालकाकडून अपेक्षित लाभ अल्प. खिडकीजवळच्या गटाकडे वळा."

ती उठली. शिवन्याने तिचा पदर धरला, तो तिने अलगद सोडवून घेतला.

चार-पाच दिवस असं झाल्यावर हौसाआक्का पातेलं घासता घासता म्हणाली, "राजश्री, त्या पोरीला ऐकाय येत नसंल."

"येतंय हो आक्का. हाक मारली की बघते की."

"समोरनं मारल्यावर बघत्या. पाठीमागनं मारून बघ."

राजश्रीने त्या संध्याकाळी धड्याच्या शेवटी यंत्राला विचारलं. उत्तर लगेच आलं. शिवन्या बुगडची श्रवण तपासणी चौदा महिन्यांपूर्वी झाली आहे, निकाल सामान्य. भाषिक विलंबाचं संभाव्य कारण: घरी मातेकडून संवादाचा अभाव, हातवाऱ्यांवर भर. उपाय: मातेला संवादपाठ सुरू केले आहेत. सेविकेने गृहभेट देऊन पाठपुरावा करावा.

वाचून तिला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं, उपाय सापडला होता, आणि तो तिच्या हातातला होता. पाठीमागून हाक मारून बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती पूनमच्या घरी गेली. खाली माग चालू होते, म्हणून दोघी जिन्यात येऊन बोलल्या. पूनम सव्वीस-सत्तावीसची, बोटांना सुताचे काप पडलेली.

"पूनम, तू तिच्याशी सारखी हातानं बोलतेस. त्यानं ती बोलायचं शिकत नाही."

"आमच्यात सगळीच तशी बोलतात ओ ताई. आवाजात ऐकू कुठं येतंय?"

"ते मला माहितेय. पण आता बंद कर. तिनं हातानं मागितलं तर द्यायचं नाही. तोंडानं मागेल तेव्हाच द्यायचं. चार दिवस रडेल, मग शिकेल. धडा आलाय ना मोबाईलवर? त्यात आहे सगळं."

"आलाय," पूनम खाली बघत म्हणाली. "त्यात माझ्या नावापुढं लाल खूण हाय."

"ती जाईल. मेहनत घे म्हणजे जाईल."

हे सगळं राजश्री प्रेमाने बोलली. पूनमने मान हलवली आणि वर गेली.

पुढचे पाच महिने राजश्रीचे फार चांगले गेले. चौथा टप्पा गाठणारी ती तालुक्यातली पहिली सेविका. मुख्यसेविका शेटे मॅडमचा फोन आला. "म्हेत्रे, तुमच्या वर्गाची फीत आदर्श पाठ म्हणून निवडलीय. राज्यभर दाखवणार. चाळीस हजार सेविका बघतील! पुढच्या सभेत तुमचा सत्कार आहे, नवीन साडी नेसून या."

शिवन्या आता मणी उचलत नव्हती. जाजमावर बसून भिंतीकडे बघायची. एकदा तिने शेजारच्या मुलीला चावा घेतला. यंत्राने तिला 'वर्तन-जोखीम' अशी खूण केली आणि तिच्यापासून इतर मुलांना दूर बसवायला सांगितलं. राजश्रीने बसवलं.

आदर्श पाठाची फीत मोबाईलवर आली तेव्हा संध्याकाळ होती, आणि रावसाहेब नुकताच कामावरून आला होता. रावसाहेब तिचा नवरा. मागांचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पंचवीस वर्षांच्या खडखडाटाने त्याचे कान निम्मे गेले होते. टीव्हीसुद्धा तो तोंडं वाचून बघायचा.

"बघा की, तुमची बायको सबंध राज्यात दिसणार आहे," तिने त्याच्यापुढे मोबाईल धरला.

त्याने चष्मा लावून बघितलं. पडद्यावर राजश्री गोलात बसली होती, मुलं बोलत होती, प्रत्येक फेरीला एक हिरवा आकडा उजळत होता. अठरा, एकोणीस, वीस. रावसाहेबाने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"ही कोण? ही कोपऱ्यातली?"

"बुगडांची शिवन्या. बोलत नाही ती."

"ही माझ्यासारखं बघत्या."

"म्हणजे?"

"तोंडाकडं बघत्या. तू पाठ फिरवलीस की हिची गाडी थांबत्या. मागं घे जरा." त्याने स्वतःच बोटाने फीत मागे ओढली. "हे बघ. आता ताट पडतंय."

फितीत हौसाआक्काच्या हातून स्टीलचं मोठं ताट निसटून फरशीवर आदळलं. सव्वीस मुलं दचकून मागे वळली. राजश्री वळली. शिवन्या ताटापासून हातभर अंतरावर पाठमोरी बसली होती. तिने मान हलवली नाही. तिच्या खांद्याला साधा झटकाही बसला नाही. सगळ्यांची तोंडं आपल्या मागे वळलेली दिसली, तेव्हा कुठे तिने हळूच वळून बघितलं.

राजश्रीने ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघताना तिला आणखी काही दिसलं. ताट पडायच्या आधी शिवन्या जाग्यावरून उठून तिच्याजवळ आली होती, तिचा पदर ओढत होती, वर तोंड करून वाट बघत होती. आणि फितीतली राजश्री, आदर्श राजश्री, कानातला आवाज ऐकून दुसरीकडे वळत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा वर हिरवा आकडा वाढला होता.

ही फीत कुणीतरी निवडली होती. कुणीतरी तपासली होती, तिच्यावर आकडे चढवले होते, खाली संगीत घातलं होतं. एकालाही ताट दिसलं नव्हतं. आणि त्या दिवशी ती स्वतः तिथे होती, ताटाचा आवाज तिने ऐकला होता, वळून बघितलं होतं, आणि तिलाही काही दिसलं नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. राजश्री पूनमला आणि शिवन्याला स्वतः घेऊन गेली. डॉक्टरीण बाई शांतपणे बोलत होत्या.

"दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. लहान मुलांमध्ये होतं हे, सर्दीनंतर. तुमची आधीची तपासणी बरोबर असणार, हे त्याच्यानंतर सुरू झालं असेल. उजव्या कानाला छोटी नळी बसवू, तो सुधारेल. डाव्या कानात मात्र जंतुसंसर्ग फार दिवस राहिला. आतलं एक बारीक हाड झिजलंय. तो पूर्ण परत येणार नाही." त्यांनी कागदावरून वर बघितलं. "कुणाच्या लक्षात नाही आलं? पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर दोन्ही कान वाचले असते."

बाहेरच्या बाकावर पूनम बसली. शिवन्या तिच्या मांडीवर झोपली होती. राजश्री समोर उभी राहिली.

"पूनम, माझं चुकलं."

पूनमने शिवन्याच्या अंगावरचा पदर नीट केला.

"मला हौसाआक्कानं सांगितलं होतं. मी..."

"पाण्यासाठी रडली ती," पूनम म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "माठाकडं बोट दाखवायची. मी म्हणायचे, पाणी म्हण. पाणी म्हण शिवू. ती माझ्या तोंडाकडं बघायची आणि नुसता जबडा हलवायची. मी तांब्या मागं धरून बसायचे. तुम्ही सांगितलं होतं, चार दिवस रडेल. ती पाच महिने रडली ताई."

"पूनम..."

"ऐका! आता ऐका." आता तिचा आवाज व्हरांडाभर गेला, लोक वळून बघू लागले. "माझी पोरगी माझ्याशी हातानं बोलत होती. भूक लागली, दुखतंय, तिकडं चल, सगळं सांगत होती. आमचं बोलणं होतं ते! तुम्ही येऊन ते बंद पाडलंत. आणि मी बंद केलं. का? तर तुम्ही शिकलेल्या. तुमच्या कानात सरकारचं यंत्र. आणि मी कांड्या भरणारी, माझ्या नावापुढं लाल खूण! माझ्या सासूनं ती खूण बघितली. मला म्हणाली, आई असून पोरीशी बोलत नाहीस, कसली गं तू आई?"

राजश्री खाली बसायला गेली तशी पूनमने हात पुढे केला.

"शेजारी बसू नका. ती खूण काढून द्या. माझ्या नावापुढचं ते काढून द्या, मग काय बोलायचं ते बोला."

सभा दोन दिवसांनी होती. तालुक्याचं तेच सभागृह, एकशे वीस सेविका, पुढे टेबलावर हार आणि नारळ. राजश्री रोजच्या साडीत आली. सोबत पूनम होती, कडेवर शिवन्या. शेटे मॅडमनी कपाळाला आठी घातली, पण कार्यक्रम सुरू झाला होता. निनाद परुळेकर आला होता. त्याने राजश्रीबद्दल चांगलं बोलून फीत लावली. मोठ्या पडद्यावर हिरवे आकडे उजळू लागले.

राजश्री उठून पुढे गेली आणि माईक हातात घेतला.

"माझ्याकडं बघू नका. कोपऱ्यात बघा. जाजमावर पिवळ्या फ्रॉकातली मुलगी आहे, तिच्याकडं बघा."

"म्हेत्रे, सत्कार शेवटी आहे," शेटे मॅडम हसत म्हणाल्या.

"आता ताट पडेल."

ताट पडलं. सभागृहातल्या काही बायकासुद्धा दचकल्या. पडद्यावर ती एकटी पाठमोरी बसून होती. राजश्रीने निनादला फीत मागे घ्यायला लावली आणि पुन्हा दाखवली. मग ती पदर ओढणारी मुलगी दाखवली, तीन वेळा. पहिल्या रांगेतली एक सेविका 'अगं बाई' म्हणाली आणि तोंडावर हात धरून बसली.

"हिला ऐकू येत नव्हतं," राजश्री म्हणाली. "एक कान कायमचा गेला. यंत्र मला सांगत होतं, हिच्याकडून लाभ अल्प. मी वळत होते. मला त्याचे गुण मिळत होते. परुळेकर, मला एवढंच सांगा, तुमचा हिशोब काय होता?"

निनादचा चेहरा उतरला होता. पण तो पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"ताई, यंत्र आधीच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधतं. जे मूल प्रतिसाद देत नाही, त्याच्यावर घालवलेल्या मिनिटातून शब्द कमी वाढतील असं त्याला दिसतं. मग ते सेविकेला दुसरीकडे पाठवतं. मग त्या मुलाच्या फेऱ्या आणखी कमी होतात. मग अंदाज आणखी खाली जातो."

"म्हणजे जे मागं पडलं, त्याला तुम्ही रोज आणखी मागं ढकलता."

"वर्गाची सरासरी वाढवायची असं उद्दिष्ट दिलेलं होतं. सरासरी खरंच वाढलीय."

"हिला सोडून वाढलीय!" राजश्री ओरडली. माईक किंचाळला. "मला वीस पोरांचे शब्द दाखवलेत आणि एकीचे कान घेतलेत. आणि वर खापर कुणावर फोडलंत? तिच्या आईवर! संवादाचा अभाव! हे कुणी लिहिलं? कुणी गेलं होतं त्यांच्या घरी बघायला?"

"ते आपोआप येतं. तपासणी सामान्य आणि बोलणं कमी, असं असलं की..."

"मी गेले होते," राजश्री म्हणाली. "मी जाऊन तेच बोलले. यंत्राला निदान पाय नाहीत. मी माझ्या पायांनी जिना चढून गेले."

 मग मागच्या रांगेतून एक सेविका उठली. "माझ्याकडं एक हाय. बोलत नाही. माझंपण यंत्र सांगतंय, वळा." दुसरी उठली. तिसरी. कुणी म्हणालं, माझ्याकडे दोन आहेत. शेटे मॅडम 'बसून घ्या, बसून घ्या' म्हणत होत्या, पण उठणाऱ्या वाढत चालल्या.

पूनम पुढे आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"माझ्या नावापुढची खूण काढा."

"हे बघा ताई," निनाद म्हणाला, "नोंदी एकदा बंद झाल्या की आमच्याकडून उघडत नाहीत. राज्य स्तरावर अर्ज..."

"मी अर्ज करून लावून घेतली होती का?"

पूनम तिथेच फरशीवर बसली, शिवन्याला घेऊन. राजश्री तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. मग मागे उठलेल्या बायका पुढे येऊन बसल्या. ना घोषणा ना भाषण. त्या नुसत्या बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी टळली. साडेचारला शेटे मॅडम उठल्या. एकवीस वर्षं नोकरी झालेली बाई, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शिवन्या बुगड हिच्या आईविषयीची नोंद खोटी आहे. मूल आजारी होतं. ते ओळखण्यात आम्ही कमी पडलो.' खाली सही केली, शिक्का मारला.

"यंत्रातलं मला काढता येत नाही," त्या पूनमला म्हणाल्या. "हे देता येतं."

पूनमने कागद वाचला. पुन्हा वाचला. घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. तो कागद तिने सासूला मोठ्याने वाचून दाखवला, असं नंतर हौसाआक्काकडून कळलं.

त्या महिन्यात सेविकांनी वरून हुकूम यायची वाट न बघता मुलांच्या पाठीमागे उभं राहून ताटं वाजवली. तालुक्यात एकेचाळीस मुलं तपासणीला पाठवली. नऊ जणांचे कान खरोखर बिघडलेले निघाले. एकाला दिसत नव्हतं. 'पुढचं मिनिट' ही सोय 'सुधारणेसाठी' बंद झाली. संवादफेऱ्या मोजणं चालू राहिलं. राजश्रीचा चौथा टप्पा काढून घेण्यात आला. कारण असं दिलं की तिने बालकाची खाजगी माहिती सभेत उघड केली. चाळीस हजार मोबाईलवर गेलेल्या फितीबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. वाचून राजश्री इतकी संतापली की हौसाआक्काने तिला तासभर स्वयंपाकघरात बसवून ठेवलं आणि पोरं स्वतः सांभाळली.

तेव्हापासून ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्य कार्यालयाला एक पत्र पाठवते. मजकूर एकच. या सोयीने किती मुलांची मिनिटं काढून दुसऱ्यांना दिली, ते मुलांच्या नावानिशी कळवावं. उत्तर आलेलं नाही. सहावं पत्र गेलं तेव्हा निनाद परुळेकरचा फोन आला होता. त्याने नोकरी सोडली होती. तो म्हणाला, ती यादी काढता येते, एका दिवसात निघेल, पण ती काढायचा आदेश कुणी देणार नाही. राजश्री म्हणाली, मग मी सातवं पत्र पाठवते.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात शिवन्या अंगणवाडीत परत आली. पूनमने तिला दारात सोडलं, हौसाआक्काशी दोन शब्द बोलली आणि राजश्रीकडे न बघता गेली.

पोरीच्या उजव्या कानात आता सगळा वर्ग शिरत होता. भांड्यांचा आवाज, सत्तावीस पोरांचा कालवा, भिंतीपलीकडचे माग. ती कान दाबून कोपऱ्यात अंग चोरून बसली. राजश्री तिच्यासमोर उकिडवी बसली आणि पूर्वीसारखी ओठांनी काहीतरी म्हणाली.

शिवन्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं.

"नको!"

शब्द फुटका होता, जड होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मुलं वळली. हौसाआक्का दारात थबकली. राजश्रीच्या पदरावरच्या बिल्ल्याने तो टिपला असणार, कारण कानात मऊ आवाज आनंदाने काहीतरी बोलू लागला. राजश्रीने कानातलं यंत्र उपसून जाजमावर टाकलं.

"बरं," ती म्हणाली.

ती दोन हात मागे सरकली आणि तिथेच बसून राहिली. शिवन्या तिच्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी बघितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज हौसाआक्काचा हात धरून आत येते आणि राजश्री जवळ आली की तेच म्हणते. राजश्री तेवढंच ऐकते, मागे सरकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन बसते.